पाकोळीचं शेपूट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दादाने पाकोळी देऊन टाकली! मला न विचारता! फोनवर, चहाचा कप हातात धरून, रद्दी द्यावी तशी.

फोन जेनिफरचा. जोएलदादाने जन्मभर जिथे विज्ञान शिकवलं त्या शाळेची ती आता मुख्याध्यापिका. नवी प्रयोगशाळा होतेय, अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिचं उद्घाटन. सरांचं विमान छताला टांगायचं, खाली सरांच्या नावाची पाटी. दादा लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, अरे, तारेला टांगलेलं विमान म्हणजे काय विमान? तर म्हणतो –

"मग काय करू? आता ते कोण उडवणार?"

कोण उडवणार! मी समोरच बसले होते. काचबिंदूने त्याची नजर नेली, उजेड आणि सावली एवढंच उरलंय, मान्य. पण मी खोलीत आहे हे त्याला डोळ्यांशिवायही कळतं. मी कधी गप्प असते?

आयुष्यभर मी पाकोळीचं शेपूट धरलं. इंजिन सुरू करताना दादा विमानाच्या पुढ्यात, पंख्याशी. मी मागे, मातीत गुडघे टेकून, शेपूट घट्ट धरलेलं. तो रिमोटची दांडी डावी-उजवी करणार, पंखांच्या मागच्या झडपा हलणार, आणि मी मागून म्हणणार, "बरोबर." मग तो म्हणणार, "सोड." मी सोडणार. ती धावत जाऊन उचलली जायची आणि मी तोंडातली धूळ थुंकत उभी राहायची. कपाटात कप आहेत, सगळ्यांवर त्याचं नाव. शेपटाला कप नसतो.

तर मी उडवणार. टांगायच्या आधी एकदा. त्याला अजून सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर

सांगितलं. इतका हसला की चहा नाकात गेला. बरं झालं.

मग म्हणाला, उडव बाई. पण मोडलीस तर जेनिफरला तूच सांगायचं.

७ नोव्हेंबर

पोटमाळ्यावरून खोकं उतरवलं. सबिहाला बोलावलं होतं, माझ्या गुडघ्यांना आता शिडी नको असते. सबिहा माझी जुनी विद्यार्थिनी. शिवणात दरवर्षी काठावर. बटणपट्टी शिवायला दिली की रडकुंडीला यायची. आता सावेडीतच तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ती सोल्डर करते ते बघत राहावं. आमच्या वर्गात सुईऐवजी सोल्डरिंगची कांडी दिली असती तर पहिली आली असती.

पाकोळीची दशा बघवेना. पंखांवरचं रेशीम पिवळं पडून फाटलेलं. पोटात कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली. डाव्या पंखाच्या दोन बरगड्या मोडलेल्या. इंजिनात जुनं एरंडेल इतकं घट्ट बसलंय की पंखा तसूभर हलत नाही.

दादाने बोटं फिरवली. नाकापासून शेपटापर्यंत, सावकाश. हे त्याने स्वतः केलेलं शेवटचं विमान. प्रत्येक बरगडी याच जेवणाच्या टेबलावर ब्लेडने कापलेली. लहानशी, चपळ, हवेत गेली की खाली यायला तयार नाही, म्हणून पाकोळी. मोडलेल्या बरगड्यांपाशी त्याची बोटं थांबली.

सबिहा म्हणाली, सर, आता सगळे बॅटरीची मोटर लावतात. आवाज नाही, तेल नाही, कटकट नाही. दादाने मान हलवली.

"आवाज नसेल तर माझ्यापुरती ती उडलीच नाही."

ठरलं. इंजिनच राहणार.

१५ नोव्हेंबर

जुन्या भगुल्यात गाडीचं हिरवं कूलंट ओतलं आणि त्यात इंजिन मंद आचेवर ठेवलं. ही दादाची युक्ती. काळं काळं एरंडेल सुटून वर आलं. घरभर असा वास की शेजारच्या राहीबाई विचारायला आल्या, बाई, काय शिजतंय? मी म्हटलं, इंजिन. त्या हळूच परत गेल्या.

संध्याकाळी दादाने बोटाने पंखा फिरवला. फिरला! भगुलं मात्र आता भंगारात. त्याचं श्रेय कुणीच घेत नाहीये.

२८ नोव्हेंबर

कापडबाजारात जाऊन पातळ रेशीम आणलं, नारिंगी. दुकानदार म्हणाला, मॅडम, ब्लाउजच्या अस्तराला का? मी म्हटलं, विमानाला. त्याने एकदम शेठला हाक मारली! दोघांनी मिळून सगळे तागे उलगडले. असं गिऱ्हाईक त्यांना परत भेटायचं नाही.

४ डिसेंबर

आज मी स्वतःवर बेहद्द खूश आहे. इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

बरगड्या आधीच बसवल्या होत्या. आज उजव्या पंखाला रेशीम चढवलं. कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीला ठेवायचा, आडवा ठेवला की पोक येतो. हे मला कुणी शिकवायला नको, मी याच गोष्टीवरून चाळीस वर्षं मुलींची डोकी खाल्लीत. कापड पाण्यात भिजवून, पिळून, ओलंच पसरलं. कडेपासून मधे नाही, मधून कडेला. वर पातळ लॅकर. वाळताना ते असं आवळत गेलं की टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. एक सुरकुती नाही. एकसुद्धा!

दादाला म्हटलं, शोध. तो सरसावून बसला. पंखाची वरची बाजू झाली, खालची झाली, टोकाचा गोलवा झाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हं," म्हणाला.

दादाच्या 'हं'ची किंमत बाहेरच्यांना कळायची नाही. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाला त्याने 'हं' म्हटलं होतं. तरीपण! एखादा शब्द जास्त खर्च केला असता तर काय झालं असतं?

११ डिसेंबर

डावा पंखही झाला. त्यालाही 'हं'. आता तिच्या पोटाखाली काळे पट्टे रंगवणार, म्हणजे आकाशात खालची बाजू कुठली ते मला लांबून ओळखता येईल.

१६ डिसेंबर

सबिहाने जुन्या लॅपटॉपवर विमान घालून दिलंय. रिमोट वायरने जोडायचा, पडद्यावरचं विमान उडवायचं. आज मी ते झाडाला, शेडला, कुंपणाला आणि एकदा चक्क माझ्याच डोक्याला धडकवलं.

जाताना ठीक जातं. विमान तिकडे तोंड करून असतं, त्याचं डावं ते माझं डावं. वळून माझ्याकडे यायला लागलं की सगळं फिरतं. मी डावी दांडी द्यावी आणि ते माझ्या उजवीकडे पळावं! दादा सोफ्यावरून नुसता धडाम् धडाम् ऐकत होता. मोठ्या प्रेमाने म्हणाला, झाडं लावायला सरकारकडून काही मिळतं का बघ.

२३ डिसेंबर

नाताळच्या करंज्यांना टेबल रिकामं हवं, म्हणून पाकोळीचे पंख गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीला. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी फोटो काढला.

२ जानेवारी २०२६

आज पडद्यावर दहादा उडवलं आणि दहादा उतरवलं. दादाला सांगितलं तर म्हणे, लॅपटॉपमध्ये वारा कुठे असतो? तरी माझ्याकडे येणारं विमान अजून हात फसवतंच. आधी चुकतं, मग सुधारते.

१४ जानेवारी

संक्रांत. आभाळभर पतंग. आज विमानाचं नावही काढायचं नाही. तिळगूळ घेतला, दिवसभर मांज्याची भांडणं ऐकली.

२९ जानेवारी

पाकोळी जिवंत झाली! सबिहाने विमानातल्या जुन्या रेडिओचा सगळा पसारा काढून नवीन बसवला. वायरी अशा बांधल्यात की शाळेत असती तर मी तिला वहीवर 'छान' शेरा दिला असता. दांडी हलवली आणि झडप टुणकन वर! इतक्या वर्षांनी! मी टाळ्या वाजवल्या, सबिहानेही वाजवल्या.

तपासणीही आजच केली. दादाच म्हणाला, मी बघतो. बघतो म्हणजे बोटांनी. पाकोळी टेबलावर, शेपूट भिंतीला टेकवलेलं. तो त्याच्या नेहमीच्या जागी, पंख्यापुढे. दोन्ही हात पसरून दोन झडपांवर ठेवले. मी त्याच्या शेजारी रिमोट घेऊन. डावी दांडी दिली की डाव्या पंखाची झडप वर यायला हवी, मग ती डावीकडे झुकते. मी डावी दिली. दादा म्हणाला, उजवी वर आली, उलटं बसलंय. सबिहाने रिमोटवरची झडपांच्या दिशेची खूण पालटली. परत डावी दिली. दादाचा डावा हात वर उचलला गेला.

तो खुलला. म्हणाला, बघ, डोळे नसले तरी हात शाबूत आहेत. कितीतरी दिवसांनी त्याला असं बोलताना ऐकलं. सबिहाला दोन करंज्या जास्त दिल्या. त्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या.

६ फेब्रुवारी

पारनेरकडे जाऊन आलो. नगरात लष्कराची हद्द, इथे उडवायचा प्रश्नच येत नाही. आमचं जुनं मैदान म्हणजे पारनेरच्या अलीकडचा अजिनाथचा माळ. मुरमाचा, सपाट, एका कडेला बाभळी. अजिनाथ शाळकरी असताना पाकोळीमागे धावायचा, आता त्याचेच केस पिकलेत. दादाला त्याने हाताला धरून अख्खा माळ पुन्हा चालवला. कुठे नवीन बांध घातलाय, कुठे खड्डा आहे, सगळं पायाने दाखवलं.

या म्हणाला, खुशाल. फक्त एक अडचण.

"गावात आदी सांगून ठिवतो. मागं राती ड्रोन फिरत्यात म्हून लई रान उठलं हुतं. लोकं काटी घिऊन पळत येतील, तुमी घाबरून जाल."

मी म्हटलं, सांगून ठेवा, आणि हेही सांगा की उडवणारी बाई आहे. त्याची आई झुंबरबाई बाजेवर बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्या उडिवनार व्हय?" मी म्हटलं, व्हय. म्हातारी म्हणाली, मग मी बगाया येनार.

१० फेब्रुवारी

गच्चीत पाकोळी खुर्चीला बांधून इंजिन चालवलं. दादाने रबर लावलेल्या दांडक्याने पंख्याला झटका दिला, नुसत्या अंदाजाने. माझा जीव त्याच्या बोटांत अडकलेला. चौथ्या-पाचव्या झटक्याला धडधडलं! जळक्या एरंडेलाचा वास आला आणि दादाचं वय एकदम उतरलं. कानाने ऐकत त्याने इंधनाची सुई पाव आटा फिरवली आणि आवाज सुरात आला. गच्चीखाली गर्दी.

रात्री जेवताना त्याने अट घातली. मी उडवताना तोंडाने बोलत राहायचं. डावी देते, उजवी देते, वर घेते, सगळं. तुझं बोलणं आणि इंजिनाचा आवाज, एवढ्यावरच मला ती दिसणार, म्हणाला. मी म्हटलं, बोलत राहायचं ना? ते माझ्यावर सोड.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या. साडी नाही, सलवार-कमीज. बूट काढून ठेवलेत. मोडली तर जेनिफरचं काय, ते नंतर. दादाने हातांनी केलेलं दुसरं काहीच उरलेलं नाही, आणि आता तो दुसरं करूही शकत नाही. लोक म्हणतील म्हातारीला काय हौस. दादा काही म्हणणार नाही, तेच जास्त वाईट.

आता माघार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उडवली. उतरवली. अख्खी!

सगळं नीट लिहून ठेवते. यातलं थोडं फक्त इथेच राहणार आहे.

पहाटे सबिहाच्या ओम्नीतून निघालो. माळावर पोचलो तेव्हा पान हलत नव्हतं. झुंबरबाई शाल पांघरून बाजेसकट हजर. शेपूट धरायला अजिनाथ. मी त्याला गुडघे कसे टेकायचे ते दाखवलं, बोटं कुठे, अंगठे कुठे. या कामातली माझ्याइतकी जाणकार जिल्ह्यात नाही. इंजिन पेटलं. मी दांडी डावी-उजवी केली आणि अजिनाथला ओरडून विचारलं, बरोबर? तो मागून ओरडला, "हालतंय की!"

मी म्हटलं, चला.

मग तो शब्द. आयुष्यभर ऐकलेला, कधी न म्हटलेला. "सोड!" माझा आवाज इतका चिरका निघाला की अजिनाथला कळलंच नाही, तो आपला धरून बसलेला. "अहो, सोडा!"

ती पळाली. मुरमावर दोन उड्या, आणि उचलली! मी उचलली! माझ्या अंगठ्याने! झुंबरबाईने बाजेवरून आरोळी ठोकली. मी जोरात म्हटलं, दादा, वर गेली! तो मान तिरकी करून ऐकत होता, हसत होता.

बाभळींच्या उंचीला पोचली आणि उजवा पंख जरासा कलला. मी म्हटलं, उजवीकडे झुकतेय, डावी देते. दिली. ती आणखी उजवीकडे झुकली. मी म्हटलं, अजून डावी देते. दिली. ती पार कुशीवर वळली आणि बाभळींकडे सुटली.

त्या क्षणी मला काय आठवावं? अस्तर! अस्तर उलट्या अंगाने कापतात. कापड पालथं असतं, डावी बाजू उजवी होते. विसरलीस तर दोन्ही तुकडे एकाच अंगाचे निघतात. दरवर्षी प्रत्येक वर्गात एकीचे तरी तसे निघायचे, सबिहाचे तर दोनदा. मी मनात ओरडले, रोझी, कापड पालथं आहे! आणि जिकडे ती झुकली होती तिकडेच दांडी दिली. उजवी.

सरळ झाली. बाभळीच्या शेंड्याला जवळजवळ घासून गेली. अजिनाथने डोळे मिटले होते, नंतर त्यानेच सांगितलं.

मग मला सगळं कळलं. झडपा उलट्या होत्या. २९ जानेवारीला दादा टेबलापाशी उभा होता तो पंख्यापुढे, विमानाकडे तोंड करून. त्याचं डावं ते पाकोळीचं उजवं. मीही त्याच्याच बाजूला. सबिहाने मुळात बरोबर लावलेलं आम्ही दोघांनी मिळून उलटं केलं! आणि शेपटाशी होती भिंत. इतकी वर्षं ही चूक का झाली नाही? कारण शेपटाशी मी असायची. विमानाचं डावं-उजवं फक्त तिथूनच खरं कळतं, आणि 'बरोबर' तिथूनच यायचं. धूळ खात मी नुसती धरून बसत नव्हते तर!

हे सगळं मला वर ती भिरभिरत असताना सुचलं, आणि सांगायला लाज कसली, मला भयंकर अभिमान वाटला.

पण उतरवायची कशी? लांब जाताना प्रत्येक वळणाला पालथं कापड, पालथं कापड मनात घोकत होते. दोन फेऱ्या झाल्या. मग वळून माझ्याकडे यायला लागली आणि हात एकदम मोकळे झाले! लॅपटॉपवर मला रडवणारी तीच दिशा. माझ्याकडे येताना डावं-उजवं एकदा फिरतं, आणि झडपांनी ते परत एकदा फिरवलं होतं. म्हणजे मी डावी द्यावी आणि ती माझ्या डावीकडेच यावी. अगदी सरळ. म्हणून ठरवलं, बाजूने नाही, थेट माझ्यावरच घ्यायची.

इंजिन मंद केलं. ती समोरून सरळ माझ्याकडे, नारिंगी, मोठी होत होत. सबिहा म्हणत होती, बाई, सरका! मी नाही सरकले. चाकं टेकली, एकदा उसळली, परत टेकली, मुरूम उडवत आली आणि माझ्या बुटांपुढे थांबली. एक चाक वाकलं. रेशमाला ओरखडा नाही.

झुंबरबाई बाजेवरून उतरून आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "पोरी, लई झ्याक." या वयात मला पोरी म्हणणारं कुणीतरी निघालं!

दादा सावकाश चालत आला. खाली वाकून पंख चाचपले.

"मधे काय झालं?"

"वारा आला होता," मी म्हटलं.

"हं," म्हणाला.

खरं सांगणार नाही. तपासलं होतं त्याच्या बोटांनी. डोळे गेल्यापासून त्याची सगळी भिस्त त्या बोटांवर आहे, आणि त्या दिवशी तो किती खुलला होता! ती भिस्त मी काढून घेणार नाही. चूक कुणाची ते पाकोळीला आणि मला माहीत, बस.

१८ फेब्रुवारी

दुकानात जाऊन सबिहाकडून खूण पुन्हा पालटून घेतली. ऐकून ती मटकन स्टुलावर बसली. म्हणाली, बाई, तुम्ही उलट्या दांडीने उतरवलंत? मी म्हटलं, अस्तर कापायला शिकली असतीस तर तुलाही आलं असतं. सरांना यातलं अक्षरही सांगायचं नाही, अशी शपथ घातली.

२२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर मंडळीतल्या सगळ्यांना सांगितलं. पाळकसाहेबांना दोनदा. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही. दादा नुसता ऐकत उभा. कुणीतरी त्याला म्हणालं, सर, अशी बहीण पाहिजे. तो म्हणाला, हं.

आल्यापासून एकच टोचतंय. एकदाच उडवायची, एवढंच मागितलं होतं ना? मिळालं. मग आता का जीव तुटतोय? शनिवारी ती हुकाला जाणार. पंख चांगले आहेत, इंजिन सुरात आहे, मला येतंय, आणि ती छताला टांगून तिच्यावर धूळ साचणार. दादाकडे शब्द टाकावासा वाटतो. पण त्याने जेनिफरला शब्द दिलाय आणि विमान त्याचं. मी मागणार नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाकोळी पुसली. टाकी रिकामी केली. वाकलेलं चाक सरळ केलं. दादाला म्हटलं, शेवटचा हात फिरवतोस का? नको म्हणाला, रेडिओ लावून बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. कांदे चिरायचेच होते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पाकोळी घरीच आहे.

सकाळी उचलायला गेले तर दादा म्हणाला, ठेव खाली. माळावरून आलो त्याच संध्याकाळी, मी राहीबाईंकडे बढाया मारायला गेले होते तेव्हा, त्याने जेनिफरला फोन करून सांगितलं होतं – विमान माझं नाही, रोझीचं आहे, आणि उडतं विमान टांगत नाहीत. हुकाला त्याचा जुना रिमोट जाणार, लांब अँटेनासकट. मला सांगितलं नाही, का, तर मी मागते का ते बघत होता!

मग म्हणाला, "वारा नव्हता, रोझे. तू डावी म्हणालीस आणि आवाज उजवीकडे गेला. त्यानंतर तू बोललीच नाहीस. जन्मात पहिल्यांदा. तेव्हाच कळलं, मी टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. मला नसती उतरवता आली."

तो उठला, पंखाच्या कडेने हात सरकवत मागे गेला आणि गुडघे टेकून शेपूट धरलं. म्हणाला, दे डावी.

मी रिमोट घेतला, डावी दिली.

"बरोबर," दादा म्हणाला.